अक्षतांची पेज

केतकीने ओंकारची खाट पुन्हा उन्हात ओढली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राहू दे गं," तो म्हणाला. "ऊन आता माझ्या अंगी लागत नाही."

तिने चादर बाजूला केली. त्याच्या पाठीवरचा हिरवा रंग विरून खालचा पिवळा उघडा पडला होता, पानगळीआधी पानांचा पडतो तसा. तरुणपणी कातडीत हरितद्रव्य भरून घेतल्यापासून दोघं उन्हावरच जगली होती. म्हातारपणी ते उतरतं, हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्याला अन्न हवं होतं, आणि अख्ख्या इमारतीत कुणाकडे साधी शेगडीसुद्धा नव्हती.

घरात धान्य म्हणजे नातीच्या लग्नातल्या उरलेल्या अक्षता. केतकीने त्यांचं कुंकू धुऊन काढलं, गच्चीवर मोडकी लाकडी खुर्ची पेटवली आणि देवाच्या तांब्यात पेज शिजवली.

ओंकारने घोट घेतला. "अळणी आहे," तो म्हणाला. पण तांब्या रिकामा केला.

धुराने चुरचुरणारे डोळे पुसत केतकी मटकन खाली बसली. तिची आई रोज ओटा पुसताना थकून एकच प्रश्न विचारायची. तो आपल्याला कधी विचारावा लागू नये, म्हणूनच तर केतकीने अंग हिरवं करून घेतलं होतं.

"ओंकार," ती म्हणाली, "उद्या जेवायला काय करू रे?"