कोटाची घडी

होणाऱ्या जावयाने लग्नासाठी रेडीमेड सूट घेतला, म्हणून मुलीचा शिंपी बाप रुसून बसला होता. “मी काही लग्नाला येत नाही,” एवढंच त्याचं पालुपद.

बायकोने त्याचा ठेवणीतला कोट काढला, टॉवेलसारखा चौकोनी दुमडला आणि बॅगेत कोंबला.

“तो कशाला नेतेस?”

“तुम्ही येत नाही ना, मग व्याह्यांना घालायला देईन म्हणते.”

“अगं, खांदे मोडतील त्याचे!” शिंपी तरातरा उठला. कोटाचा एक खांदा उलटा करून त्याने दुसऱ्यात अलगद बसवला, घडीच्या पोटात मऊ बनियन घातले आणि बॅग नीट भरली. “पोचल्या पोचल्या हा टांगायला हवा. तुला जमायचं नाही. मलाच यावं लागणार.”

बायकोने आत जाऊन हळूच मुलीला फोन लावला. “तू सांगितलंस तशी मुद्दाम चुकीची घडी घातली. येतायत बाबा.”

बाहेर शिंपी गालातल्या गालात हसला. जन्मभर त्याच्याशेजारी बसून काजं-बटणं केलेली बाई कोटाच्या घडीत मुद्दाम कधी चुकतेय, याचीच तर तो सकाळपासून वाट बघत होता.