दोन दिवस पाण्याबाहेर

बनियन डोक्यावरून काढताना मामांचे हात कानांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. मग मान खाली घालून, भिंतीला पाठ घासत त्यांनी ते कसंबसं उतरवलं. कपडे बदलायच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे एक बरं झालं. सत्तावन्न वर्षांच्या जीवरक्षकाला बनियनने चीत केलं, ही बातमी तलावावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली असती.

परीक्षा उद्या अकरा वाजता होती. सत्तर किलोचा रबरी पुतळा खोल टोकाकडून उथळ टोकापर्यंत दोन मिनिटांत ओढत आणायचा. जमलं तर उंच खुर्ची आणि शिट्टी आणखी एक वर्ष. नाही जमलं तर तिकिटांची खिडकी, कायमची. मामा नऊ दिवस सकाळ-दुपार तो पुतळा ओढत होते. पहिल्या दिवशी अंग दुखलं तेव्हा त्यांना आनंदच झाला. गंज निघतोय, म्हणाले. पाचव्या दिवशी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली, तेव्हा त्यांनी आणखी एक फेरी वाढवली. माणूस हट्टाला पेटला की शहाणपण जातं चुलीत.

दुपारच्या सुट्टीमुळे तलाव रिकामा होता. काठावर दुसरी जीवरक्षक उभी होती. दोन मुलांची आई. बारा वर्षांपूर्वी मामांनीच तिला तयार केलं होतं. तिने हातात घड्याळ धरलं होतं, पण ते लावायची तिची इच्छा दिसत नव्हती.

"मामा, आज राहू द्या. काल दोन चाळीस लागले तुम्हाला."

"म्हणूनच तर आज."

"अहो, अंग दुखणं वेगळं आणि हात न उचलणं वेगळं. दुखत असेल तर बेताने चालू ठेवायचं, उचलेना झालं की थांबायचं. हे मला कुणी शिकवलं?"

"शिकवायच्या गोष्टी वेगळ्या असतात," मामा म्हणाले. "घड्याळ लाव."

त्यांनी उडी मारली, तळाशी जाऊन पुतळा वर आणला, त्याच्या छातीवरून हात टाकला आणि पाठीवर पोहायला लागले. पहिलं एक तृतीयांश अंतर ठीक गेलं. मग खांदे दुखायचे थांबले. मामांना क्षणभर बरं वाटलं आणि लगेच कळलं की खांदे दुखत नाहीत, कारण ते आता काहीच करत नाहीत. पाणी नाकावरून गेलं.

"सोडा त्याला!" ती काठावरून ओरडली. "मामा, पुतळा सोडा!"

मामांनी सोडला नाही. एकतीस वर्षांत हाताला लागलेलं माणूस त्यांनी सोडलं नव्हतं, आणि रबर कुठलं न् माणूस कुठलं हे हातांना त्या वेळी कोण सांगणार? ते त्याला घट्ट धरून त्याच्यासकट खाली गेले. तिने लांब काठीचा आकडा त्यांच्या काखेत अडकवला आणि दोघांना एकदमच काठाशी ओढून आणलं.

बराच वेळ मामा खोकत बसले. शेजारी पुतळा आडवा पडला होता, त्याला काही झालं नव्हतं. ती आत गेली आणि एक जाड वही घेऊन आली.

पाण्यातून ज्याला ओढून काढलं, त्याचं नाव वहीत, त्याची सही आणि दोन दिवस पाण्यात पाऊल नाही. नियम मामांनीच घालून दिलेला. त्या नियमातून त्यांनी तलावाच्या साहेबांच्या जावयालासुद्धा सोडलं नव्हतं.

"लिहू नकोस," मामा म्हणाले. "इथे कुणी नव्हतं."

"मी होते ना."

"अगं, नाव चढलं तर उद्याची परीक्षा गेली."

"गेली नाही, पुढे गेली. राहिलेल्यांची बुधवारी आहे."

"आणि ही वही? सगळे वाचतात. आजवर मी दुसऱ्यांची नावं लिहिली हिच्यात. कुणाकुणाला काय काय बोललोय मी."

"बोललात खरे," ती म्हणाली. "आता तेही बोलतील. चार दिवस हसतील आणि विसरतील. उद्या या हातांनी पाण्यात गेलात तर खिडकीत बसून तिकिटं फाडाल. बुधवारचं मी काही सांगत नाही. पण निदान हात तरी तुमचे असतील."

मामा पाण्याकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. खाली जाताना पुतळा सोडावा हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्याच्या जागी खरं माणूस असतं तर दोघंही गेले असते.

"लिही," ते म्हणाले.

तिने तारीख घातली, नाव घातलं. पेन थांबलं.

"कारण काय लिहू?"

"खरं असेल ते."

तिने एक ओळ लिहिली. मामांनी ती वाचली नाही. तिने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं. सही करायला उजवा हात मांडीवरून हलेना. मग डाव्या हाताने त्यांनी उजव्याचं मनगट धरलं, उचललं आणि सावकाश वहीवर आणून ठेवलं.