गालबोट

जुन्या रोड रेसिंगच्या आठवणीखातर कंपनीनं मोजक्याच मोटरसायकली काढल्या, त्यातली एक मिळाल्यापासून समीरचे पाय जमिनीवर नव्हते. टाकीवर काळ्या शाईत त्या रेसिंगच्या म्हाताऱ्या चॅम्पियनची सही होती, आणि तो गेल्याच महिन्यात वारला होता. पूजेशिवाय गाडी चालवायची नाही, हा आईचा हुकूम. म्हणून ती दिवसभर नेहरू नगरच्या घरीच होती. संध्याकाळी समीर मित्राला घेऊन आला.

"साइन कहाँ है, यार?" मित्रानं विचारलं.

समीरनं वाकून टाकीच्या दोन्ही बाजू बघितल्या.

आई हात पुसत बाहेर आली. "अरे, त्या शोरूमवाल्यांना साधं गालबोट लावता येत नाही. टाकीभर काळं फासलं होतं. नेलपॉलिश रिमूव्हरनं घासून काढलं आणि करंगळीनं काजळाचा ठिपका लावला. आता कुणाची म्हणून दृष्ट लागायची नाही."