गवताच्या गाडीतला आवाज

"हा बघ, आला! शीळ घातल्यासारखा." क्लबच्या मैदानावर गवत कापायच्या गाडीवर बसलेले सिद्रामकाका ओरडले.

मेकॅनिक शौकतने स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावून ऐकलं. पट्टा नवा होता, पाती घट्ट होती. "गाडी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे, काका."

"थट्टा नको. आवाज गेला नाही तर भंगारात काढतील हिला. मग मी कशावर बसू?"

शौकतने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "आता?"

काकांनी मान कलती केली. "येतोय की अजून. तोच."

"काका, गाडी बंद आहे."

काकांचा हात कानापर्यंत गेला आणि परत स्टिअरिंगवर आला. शौकत स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला.

"कर चालू," काका म्हणाले. "पलीकडची बाजू राहिलीय."