उजवा की डावा

चूक सापडली! ताईने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा वाचलं. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, गुडघा मुरगळला, उजवा. आणि सुपरफास्टने कोड लावला होता डाव्याचा.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या या खोलीत प्रत्येक दुखण्याला कोड लागायचा आणि त्या कोडवर विमा कंपनी बिल मंजूर करायची. उजव्या गुडघ्याचा कोड वेगळा, डाव्याचा वेगळा. चुकला की बिल परत. ताईची या कामात वीस वर्षं गेली होती. आणि ही कालची पोर! दीड वर्षापूर्वी आली काय, ताईच्या दुप्पट फाइली उपसते काय, साहेब उठताबसता तिचंच नाव घेतात काय! सुपरफास्ट हे नावही साऱ्या विभागाने लाडाने ठेवलेलं. ते ऐकलं तरी ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात पोरगी वागायला गोड. उद्धट असती तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. दोघींपैकी कुणाची ते आज चार वाजता ठरणार होतं. त्याआधी नियमाप्रमाणे दोघींनी एकमेकींच्या फाइली तपासायच्या होत्या, पेशंटचं नाव झाकून. ताईने एकोणीस फाइली चाळल्या, एकीतही खोट निघेना. विसावीत हा गुडघा मिळाला.

"बाई, वय अडुसष्ट. पडदे लावताना स्टुलावरून घसरल्या," तिने शेजारच्या बिलिंगवाल्याला खुशीत वाचून दाखवलं. "बघा हो! या वयात म्हातारीला स्टुलावर चढायला लावतात. घरात माणसं राहतात की खांब?"

"असतात अशी माणसं," बिलिंगवाला म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

सुपरफास्टने घरीसुद्धा तिचा पिच्छा सोडला नव्हता. रोज संध्याकाळी ताई बेल वाजवायची. पर्समध्ये किल्ली असायची, पण ती शोधत कोण बसणार? हल्ली आईला दार उघडायला वेळ लागायचा. "किती वेळ गं! झोपली होतीस का?" असं म्हणून ताई आत शिरायची, आणि चपला काढता काढता सुपरफास्टचं पुराण सुरू व्हायचं. आज ती कशी पुढेपुढे करत होती, साहेब तिच्याकडे बघून कसे हसले. आई चहाचा कप पुढे ठेवून मध्येच म्हणायची, "अगं, ऐक ना, परवा मी—"

"थांब गं आई. माझं होऊ दे आधी."

तिचं काही होत नसे. मग जेवणं व्हायची आणि आई झोपायला जायची.

चार वाजता ताई साहेबांच्या खोलीत गेली. सुपरफास्ट आधीच येऊन उभी होती. ताईने कागद टेबलावर ठेवला. "साहेब, नुसता वेग असून काय उपयोग? उजवं-डावं तरी कळायला नको?"

साहेबांनी फाइलचा नंबर बघितला, स्क्रीनवर फाइल उघडली आणि शेवटपर्यंत वाचली.

"ताई, पुढचं पान पाहिलंत?"

पुढच्या पानावर डॉक्टरांची टीप होती. 'कोडिंग विभागातून विचारणा आल्यावर पेशंटला पुन्हा तपासलं. गुडघा डावाच आहे. लिहिण्यात माझी चूक झाली.'

ताईचे कान तापले. शेवटचं पान पाहिल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही, हे वीस वर्षं येईल त्या नव्या माणसाच्या डोक्यात तिनेच भरलं होतं. सुपरफास्टच्याही. आणि आज एवढं घबाड हाती लागल्यावर तिला स्वतःला पान उलटायचं सुचलं नव्हतं.

"पण हिला कळलं कसं?" तिचा आवाज चढला. "आपण पेशंट बघतच नाही. आपण कागद बघतो! की हिला स्वप्न पडतं?"

सुपरफास्ट घुटमळली. "ताई, त्या आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पट्टा सैल झाला होता, तो आवळत होत्या. डाव्या गुडघ्याचा. मी म्हटलं, ताईंना बोलावते. तर नको म्हणाल्या. तिच्यामागे कामाचा ताण आहे, घरी निवांत सांगेन म्हणाल्या. नंतर फाइल आली, नाव ओळखीचं दिसलं, आणि कागदावर उजवा. म्हणून डॉक्टरांना विचारलं." ती थांबली. "दोन आठवडे झाले. मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला."

"कुणी?"

"तुमच्या आईने."

ताईचा हात टेबलावरच्या कागदावर तसाच राहिला.

"मला काय नावाने हाक मारतात ते सांगितलं, तर केवढ्या हसल्या," सुपरफास्ट बिचारी सांगत राहिली. "म्हणाल्या, 'अगंबाई, ती तूच का! आमच्याकडे रोज तुझंच कौतुक चालतं.' खरंच ताई, मला कल्पनाच नव्हती."

खुर्ची कुणाला मिळाली, हे साहेबांनी सांगितलं असेलही. ताईच्या ते कानात शिरलं नाही. ती बसमध्ये चढली, आपल्या थांब्यावर उतरली, दोन जिने चढली. बंद दाराआडून टीव्हीचा बारीक आवाज येत होता. तिचं बोट सवयीने बेलवर गेलं.

ते तिने मागे घेतलं. मग दारातच खाली बसून तिने अख्खी पर्स पायरीवर पालथी केली, आणि किल्ली शोधू लागली.