पाटीवरचं नाव

उद्या परदेशातल्या मुख्यालयाची माणसं तपासणीला येणार म्हटल्यावर आम्हाला आठवलं, स्त्री-पुरुष समानता समन्वयकाच्या पाटीवर अजून नोकरी सोडून गेलेल्या बाईंचंच नाव आहे. रिवाजाप्रमाणे मी, कार्यालयप्रमुख म्हणून, ते काम सगळ्यांत नव्या मुलीच्या गळ्यात मारलं. "तुझं काम सांभाळून आठवड्याला तासभर गं. पुरुषांना कुठला वेळ!" ती पाटीवरची नावाची पट्टी नखाने खरवडू लागली. पट्टीखाली दुसरी निघाली, मग तिसरी, चौथी, सगळ्या बायकाच. तळाशी माझं नाव. "मॅडम, पहिल्या तुम्ही? तुम्हाला तासभर पुरायचा?" माझे बुडालेले रविवार आठवले. "या कामाला स्वतंत्र माणूस द्या," तेव्हाच्या साहेबांपुढे रडून सांगितलेलं आठवलं. आता त्यांच्या खुर्चीत मीच बसते. "पुरायचा की," मी म्हणाले. मान वर न करता तिच्या नावाची पट्टी माझ्या नावावर चिकटवली आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबले.