जमिनीवरचे पावणेतीन तास

खीळ काही केल्या निघेना. टाकेताईंनी तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, चार शिव्याही हासडल्या. पण जुन्या दोन सीटांच्या ग्लायडरचा डावा पंख धडापासून सुटायला तयार नव्हता. बाकीची ग्लायडरं पंख उतरवून हँगरमध्ये ठेवून झाली होती. इंजिनाची छोटी विमानं सकाळीच वादळाच्या वाटेतून दूर नेली होती. पंखांसकट हे धूड आत मावणार नव्हतं, आणि संध्याकाळी येणारं वादळ दुपारीच दारात येऊन उभं राहिलं होतं.

"राहू दे बाहेरच," फ्लाइंग क्लबात शिकवणारे मास्तर म्हणाले. "बांधून टाकू."

क्लबात उडायला शिकवायचं तर हे एकच ग्लायडर. ते मोडलं की शाळेला कुलूप. त्याच्या पंखांवरचं कापड सव्वीस वर्षं ताईच शिवत आल्या होत्या; म्हणून तर त्यांना टाकेताई हे नाव पडलं. खरं त्यांना वैमानिक व्हायचं होतं. पण एक डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे डॉक्टरांनी तीनदा नापास केलं. मास्तर नियमाला पक्के. त्यांनी ताईंना मागच्या सीटवर बसवून खूपदा फिरवून आणलं, पण उडवायचा दांडा कधी हातात दिला नाही.

दोघांनी ग्लायडरचं नाक वाऱ्याकडे केलं, लोखंडी मेखा ठोकल्या, दोर आवळले, पंखांवर वाळूची पोती टाकली आणि हँगरच्या दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग चिखल झालेल्या मातीतून डावीकडची मेख उपटली, पोतं घरंगळलं आणि पंख वर उचलला गेला.

मास्तर "अहो, अहो" म्हणेपर्यंत ताई पळाल्यासुद्धा. शेवटचं अंतर तर त्या रांगतच गेल्या. काचेचं झाकण जेमतेम किलकिलं करून आत घुसल्या, त्या थेट पुढच्या सीटवर. मास्तर धडपडत मागोमाग आले आणि पंखाच्या टोकाला लोंबकळले.

"ताई, उतरा खाली! मराल!"

"मी उतरले तर हे उडेल, मास्तर! तुम्ही मेख ठोका!"

मास्तरांनी निमूटपणे मेख ठोकली. ती पुन्हा सुटायला नको म्हणून दोर कमरेला गुंडाळून ते चिखलातच बसून राहिले. तिथून त्यांना ताई दिसत होत्या. पंखांना उचल मिळू नये म्हणून ताईंनी वरच्या झडपा उघडल्या होत्या. झोत डावीकडून आला की दांडा डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे, नाक उचलायला लागलं की पुढे. समोरचं गवत कुठे लवतंय ते बघून त्या झोताच्या आधीच हात हलवत होत्या, आणि तेही एका डोळ्याने. मास्तरांनी तीनशे पोरं शिकवली होती. असा हात त्यांनी दोघातिघांचाच पाहिला होता, आणि त्यात ते स्वतःला धरत नव्हते. त्यांना ताईंचा भयंकर अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाजही.

वारा उतरला तेव्हा ताईंच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी ग्लायडरला एक फेरी मारली.

"काही झालेलं नाही याला," त्या म्हणाल्या. "मला मात्र भूक लागलीय."

मास्तरांनी कपाटातून उड्डाणांची वही काढली आणि ओल्या हातांनीच लिहायला घेतलं. वैमानिक, इथे ताईंचं पूर्ण नाव. वेळ, पावणेतीन तास. उंची, शून्य.

"अहो, हे काय भलतंच? नियमात बसतं का?"

मास्तर लिहीतच राहिले. शेवटचा रकाना शिक्षकाच्या सहीचा. विद्यार्थ्याने एकट्याने उड्डाण केलं, तरच तो कोरा सोडतात. तिथवर येऊन मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.